लॅपटॉपमधलं लुगडं

"पोरी, गोड नको सांगू. खरं सांग."

आमच्या काउंटरवर येणारा माणूस आधी बिल पुढे करतो, नाहीतर राग. आप्पांनी हे वाक्य पुढे केलं. त्याआधी त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने काउंटर पुसलं, जुन्या साडीत गुंडाळलेला लॅपटॉप कपाळाला लावला आणि मग खाली ठेवला. बेळगावातल्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये बसून मी लॅपटॉप आदळणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. पाया पडणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

"काय झालंय, आप्पा?"

"मधेच आपोआप बंद पडतंय. वॉरंटी हाय म्हंती नात. हाय न्हवं?"

वॉरंटी होती, पण संपत आली होती. मी तक्रार नोंदवून घेतली आणि इंजिनिअर दसऱ्यानंतर बघेल, तोवर घरी न्या, असं सांगितलं. आप्पांनी लॅपटॉप पुन्हा साडीत गुंडाळला, पण उठले नाहीत. ज्यांना गाऱ्हाण्यापेक्षा जास्त काही सांगायचं असतं ती माणसं अशीच बसून राहतात, हे काउंटरवर बसणाऱ्या कुणालाही कळतं.

आप्पा शहापूरचे विणकर. त्यांचे माग कधीच विकले गेले होते. लॅपटॉप नातीचा, ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने आजोबांना साडीची नक्षी काढायचा प्रोग्राम शिकवला होता. ती कॉलेजातून आली की लॅपटॉप आप्पांकडे. आणि आप्पांचं काम एकच, आजींचं लग्नातलं लुगडं.

पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा ते ट्रंकेत भिजून कुजलं होतं. काठाचा तुकडा तेवढा उरला, पदर गेला. तो पदर आप्पांच्या वडिलांनी सुनेसाठी विणलेला, आणि तसला दुसरा त्यांनी केला नव्हता. आता आजी अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या पडल्या पडल्या आठवून सांगायच्या आणि आप्पा पडद्यावर एकेक चौकोन भरायचे.

"मोराच्या पायाबुडी वेल हुती."

"कुठल्या अंगानं गेलती?"

"डाव्या. तुमास्नी काय म्हंजे काय आठवत न्हाय!"

हे भांडण आप्पांनी दोघांच्या आवाजात करून दाखवलं. आजींचा आवाज काढताना मान जरा तिरकी केली. मी हसले, तसे तेही हसले, आणि मग टॉवेलने तोंड पुसत म्हणाले, "ती हाय तवर तिच्या अंगावर घालायचंय गं. आता एवढंच हाय माझं."

दसरा झाला आणि आप्पा आले ते बंद पडलेला लॅपटॉप घेऊनच. इंजिनिअरने उघडून बघितलं तर बटनांच्या फटीत हळदकुंकू! खंडेनवमीला त्याची साग्रसंगीत पूजा झाली होती. आमच्याकडे मागाची, सायकलची, मिक्सरचीसुद्धा पूजा होते, त्यात नवल नाही. पण लॅपटॉप आजारी, म्हणून आप्पांनी त्याच्यापुढे नारळ फोडून पाणीही शिंपडलं होतं.

पाणी म्हटलं की वॉरंटी गेली. कंपनीचा बेंगळूरूहून फोन आला, गिऱ्हाइकाशी बोलायचंय म्हणून. फोन देताना मी हळूच म्हणाले, "काय सांडलं न्हाय म्हणा."

"सांडलं न्हायच. म्या शिंपडलं." आणि त्यांनी फोनवर कन्नडमध्ये सगळी पूजा सांगितली. आरतीही सोडली नाही. मी कपाळाला हात लावला. एवढा सरळपणा माणसाला परवडतो तरी कसा, असं वाटून मला त्यांचा रागच आला.

नशीब एवढंच, की तक्रार पूजेच्या आधी नोंदलेली होती, आणि कुंकू वरच सुकलंय, पाणी आत पोचलेलं नाही, असं आमच्या इंजिनिअरने लिहून पाठवलं. वॉरंटी मंजूर झाली. मीच उत्साहाने आप्पांना फोन करून बोलावलं. ते नातीला घेऊन आले.

"आप्पा, मदरबोर्ड गेलाय. कंपनी नवा घालून देणार, फुकट."

"आन् आतलं लुगडं?"

मी समोरचे कागद चाळू लागले.

"खरं सांग, पोरी."

या मॉडेलमध्ये साठवलेलं सगळं त्या बोर्डावरच असतं. जुना बोर्ड कंपनीला परत जातो, त्याच्याबरोबर सगळं जातं. मी विचारलं, पेनड्राइव्हवर घेऊन नाही का ठेवलं?

"ही म्हंत हुती," नातीकडे बघत ते म्हणाले. "पर मागावरचं लुगडं अर्ध्यातनं कोन काढतंय का? पुरं झालं की घिऊ म्हटलं."

आयुष्यभर माग चालवलेल्या माणसाला अर्धवट काम उतरवून ठेवायचं सुचणार कसं? मी म्हणाले, आजींना परत विचारून काढा की.

"दसऱ्यापास्नं तिची वाचा गेलीया."

आमच्या इंजिनिअरने बाजूला घेऊन सांगितलं, की बाहेर एखाद्याकडे प्रयत्न करता येईल, पण आतलं निघेलच असं नाही. आणि बाहेर उघडला, की वॉरंटी संपली. नवा बोर्ड पदरचे पैसे घालून घेणं त्या घराला जमणारं नव्हतं. नात म्हणाली, "आजोबा, माझं ऱ्हाऊ दे. आपण बाहेर दाखवूया."

"तुझी परीक्षा कुनी द्यायची मग?" असं म्हणून आप्पांनी पेन मागितलं आणि बोर्ड बदलायच्या कागदावर सही केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला मी प्रिंटरमध्ये कागद भरत बसले.

दुरुस्त झालेला लॅपटॉप त्यांनी पूर्वीसारखाच कपाळाला लावून घेतला. नंतर एकदा ते अमावस्येच्या बाजाराला आले असताना डोकावले. आठवेल तसा पदर पुन्हा काढायला घेतला होता. मोर झाले होते, कडेची कुयरी झाली होती. मोरांच्या खालचा भाग तसाच मोकळा होता. वेल डावीकडून निघते एवढं त्यांना आठवत होतं, ती पुढे कशी वळते ते आठवत नव्हतं.

"एखादी चांगलीशी वेल भरा की, आप्पा. कुणाला कळतंय?"

"तिला कळंल की."

मी चहा मागवला. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

थंडी संपता संपता त्यांचा फोन आला. खासबागेतल्या भाच्याच्या मागावर लुगडं उतरलं होतं. "बघाय ये," म्हणाले. काम सुटल्यावर येळ्ळूरला घरी न जाता मी शहापूरला वळले. पुढे थोड्याच दिवसांत आजी गेल्या, आणि वर्ष व्हायच्या आत आप्पाही. त्यामुळे त्या संध्याकाळी गेले हे बरं झालं, असं मला नेहमी वाटतं.

मी पोचले तेव्हा आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आप्पांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि पदर त्यांच्या मांडीवर पसरला. मोर होते आणि त्यांच्या पायांखाली कोरं लाल कापड. आजी बराच वेळ बघत राहिल्या. ओळखलं की नाही, काही कळेना. मग त्यांचा उजवा हात हळूहळू पुढे आला. बोट मोराच्या पायापाशी टेकलं, डावीकडे सरकलं, खाली वळलं, एक वेढा घेऊन पुन्हा वर आलं आणि पुढच्या मोराकडे निघालं. कोऱ्या कापडावर आजी वेल काढत होत्या.

नात पेन्सिल आणायला धावली. आप्पांनी तिला हातानेच थांबवलं. ते आजींच्या शेजारी बसले, आणि आजींचं बोट जिकडे जाईल तिकडे त्यांच्या मागोमाग आपलं बोट फिरवत राहिले.