अर्धवट सोडलेलं गीत

केडगावच्या आमच्या चर्चमध्ये मी बारा वर्षं पेटी वाजवतो. त्या रविवारी शेवटच्या बाकावर एक अनोळखी बाई येऊन बसली होती. पन्नाशीची असेल, हातांना शेतकामाचे घट्टे. डोळे मिटून ती इतकं सुरेख गात होती, की मीच तिच्या मागून वाजवू लागलो.

दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज थांबला. ती उठली, हळूच बाहेर पडली. चक्कर आली असेल म्हणून मी पेटी सोडून मागं गेलो.

"बरं वाटत नाही का, मावशी?"

"बरी हाय की." ती चपला घालत होती. "भांडगावात माझी जाऊ अंथरुणाला खिळलीय. चार वर्सं बोलले न्हाई तिच्याशी. आन् हितं म्हणतीय, देवा, तू किती दयाळू. माझंच मला ऐकवंना."

"उपासना संपल्यावर जा की."

"तवर मन पुन्हा घट्ट हुईल, दादा."

ती भराभरा रस्त्याकडं निघून गेली. मी मात्र पायरीवर थिजून उभा राहिलो. आत स्तुती चालली होती, आणि तिसऱ्या बाकावर माझा सख्खा भाऊ बसला होता. बांधाच्या भांडणापासून आम्ही एकमेकांकडं पाहतही नव्हतो. तो समोर असताना इतकी वर्षं मी कुणाची स्तुती वाजवत होतो?

आत गेलो. पेटीकडं न जाता त्याच्या बाकाशी थांबलो. त्यानं वर पाहिलं, दचकला, आणि मला बसायला जागा करत जरासा सरकला.