मादामच्या वर्गातली माझी खुर्ची

कागद कसलाही असो, मादाम आधी तो उलटा करून मागची बाजू पाहायच्या. वाढदिवसाचं कार्ड असो, शाळेची सूचना असो, नाहीतर मुलांचा निबंध. "समोरचं काय, सगळेच वाचतात," म्हणायच्या.

ऑकलंडमध्ये हिल्सबरोच्या एका शाळेत मी शिक्षकांची मदतनीस होते; फ्रेंच येत होतं म्हणून घेतलं होतं. तिथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा एक वर्ग पूर्ण फ्रेंचमधून चालायचा. गणित फ्रेंचमध्ये, भांडणंही फ्रेंचमध्ये. त्या वर्गाला मादाम इतिहास-भूगोल शिकवायच्या. पन्नाशीच्या, पुण्यात वर्षानुवर्षं फ्रेंच शिकवून आलेल्या. मुलं मादाम म्हणायची, म्हणून मीही.

त्यांचा कशावरच विश्वास नसे. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणलं तरी बाटलीवरची तारीख दोनदा वाचत. स्टाफरूममध्ये कुणी 'झकास' अशा अर्थाने 'स्वीट अ‍ॅज' म्हटलं की माझ्या कानाशी येऊन पुटपुटत, "कशासारखं गोड? वाक्य मध्येच सोडतात ही माणसं. पुढचं काय लपवतात गं?"

वर्गातही तेच. कुणी काही ठामपणे सांगितलं की मादाम विचारत, "की दी सा?" म्हणजे, असं कोण म्हणतं? इंग्रज आणि माओरी यांच्यातल्या वायटांगीच्या जुन्या कराराचा इंग्रजी मजकूर एक सांगतो आणि माओरी मजकूर दुसरंच, हे त्यांनी मुलांनाच शोधून काढायला लावलं. तासभर मुलं फ्रेंचमध्ये तावातावाने भांडत होती आणि मादाम खिडकीशी उभ्या राहून खुशीत हसत होत्या.

पण पालकांना वेगळीच शंका होती. भारतातून आलेली बाई फ्रेंच शिकवणार? उच्चार बरोबर असतील का? दोघातिघांनी तक्रार केली. मुख्याध्यापिकेने मला बोलावून सांगितलं, "काही दिवस त्यांच्या वर्गात मागे बस. काय दिसतं ते लिहून दे."

मी खुर्ची घेऊन मागे बसले. मादाम आल्या, माझ्याकडे पाहिलं.

"ऑफिसने पाठवलं?"

"नाही हो, मुलांना मदत करायला."

"की दी सा?" म्हणाल्या, आणि माझी खुर्ची स्वतः ओढत पहिल्या रांगेत नेऊन ठेवली. "मागून नीट ऐकू येत नाही."

तिसऱ्या आठवड्यात नाशिकहून एक मुलगी नवीन आली. इंग्रजी जेमतेम, फ्रेंचचा गंधही नाही. नकाशाच्या तासाला ती अचानक हुंदके द्यायला लागली. "मला इथे काहीच कळत नाही."

मादाम खडू ठेवून तिच्या बाकाशी गुडघ्यावर बसल्या. "मलाही पहिलं वर्षभर कळत नव्हतं. दुकानात नुसती मान हलवायचे. आज माझ्याजवळ बस." दहा मिनिटं त्या मराठीत बोलत होत्या. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने फ्रेंचमध्ये पहिला प्रश्न विचारला.

मी अहवाल लिहिला. उच्चार उत्तम, मुलं रमतात, सगळं लिहिलं. आणि शेवटी एक ओळ: एका तासाला फ्रेंचऐवजी दुसरी भाषा वापरली. ती गाळली असती तर दोघी महाराष्ट्रातल्या, एकमेकींना सांभाळून घेतात, असं कुणाला वाटलं असतं. माझीही नोकरी कराराचीच होती. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी हे केलं.

नेमकी तीच ओळ धरली गेली. मादामचा करार पुढे वाढवला नाही.

त्यांना अहवालाची प्रत मिळाली होती. ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं.

"खोटं एक अक्षर नाही," म्हणाल्या. "पण ती पोर रडत होती, ते कुठे आहे यात?"

मी त्याच दुपारी मुख्याध्यापिकेकडे गेले, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. त्या जागेवर दुसऱ्या बाईंची नेमणूक झाली होती.

मादाम दूर दुसऱ्या गावी, पोरिरुआला, लेकीकडे राहायला गेल्या. माफी मागायची म्हणून मी चार महिने धीर गोळा केला आणि एका रविवारी फोन लावला.

"हं, बोल," म्हणाल्या.

"कशा आहात?"

"वारा फार आहे गं इथे. दोरीवर कपडे टिकत नाहीत."

"आमच्याकडे आज ऊन आहे," मी म्हणाले. "चिमटे जरा मोठे घ्या."

"घेईन."

तिकडे खिडकी आपटल्याचा आवाज आला. "थांब, लावून येते," म्हणाल्या. त्या परत येण्याआधीच मी फोन ठेवून दिला.