शेवटी आलेला आधी

सोमेश्वरनगरच्या सर्जेराव आबांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या ट्रॅक्टरांना नंबर दिले. आधी आला तो आधी वजनाला, हा त्यांचा धर्म. एकदा एका बड्या माणसाच्या मेव्हण्यानं ट्रॅक्टर मध्येच घुसवला, तर आबांनी तो पार शेपटाला नेऊन लावला आणि वर मेव्हण्याला पाणी पाजून त्याची समजूतही काढली. असा माणूस निवृत्त झाला आणि चार वर्षांत त्याला कुणी साधं ‘माझा नंबर कधी?’ म्हणूनसुद्धा विचारलं नाही. दिवसभर बायकोच्या, शकुबाईंच्या पायात पायात यायचं, एवढंच काम उरलं.

अशात एका रविवारी ते वहिदाच्या स्टेशनरीच्या दुकानात पेनाची रिफिल आणायला गेले, ते दिवस मावळेपर्यंत परतलेच नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत चार-पाच जण राक्षस, नाग आणि मंत्रांची रंगीत पानं खेळत बसले होते. आबांना सदुसष्टाव्या वर्षी वेडच लागलं. शकुबाईंना वाटलं, नवरा तीन पत्तीच्या नादी लागला.

वेड लागलं, पण जिंकणं काही जमेना. खेळाची रीत अशी, की मंत्राचं पान टाकताना निशाणा कुणावर ते आधी बोलून दाखवायचं. मग समोरच्याला त्यावर उलट पान टाकता येतं, काट मारून तो मंत्रच रद्द करता येतो. आणि सगळ्यात शेवटी पडलेलं पान सगळ्यात आधी लागू होतं. हे ऐकून आबांना घामच फुटला.

“ही तर घुसखोरी झाली,” ते म्हणाले.

“हितं शेवटी आलेला आधी सुटतो, आबा,” वहिदानं सांगितलं. “न्हायतर काट मारून उपेग काय?”

आबांना ते पटलं नाही. हातात काट असली तरी ते ती दाबून बसत आणि आपला राक्षस मुकाट मरू देत. सगळे त्यांना हसायचे, पण खरं सांगायचं तर लाडानंच हसायचे.

पुढं इंदापूरला स्पर्धा ठरली. चौघांचा संघ. तीन जागा भरल्या. चौथीसाठी आबा आणि शेजारची पार्लरवाली रुक्सार यांच्यात एक डाव लागला. आबांना ती जागा इतकी हवी होती, की सकाळी पोहे तसेच टाकून ते दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले.

डाव रंगला. रुक्सारचे दोनच जीव उरले, ते गेले की डाव आबांचा; पण आबांकडं एकच दगडी राक्षस. रुक्सारनं हातातलं शेवटचं पान टाकलं: वीज, निशाणा दगडी राक्षस. काट राखून ठेवायची तिला गरजच वाटली नव्हती. आबा उलट पान टाकत नाहीत, हे गल्लीतल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं.

आबांच्या हातात एक पान होतं, माघार. ते टाकलं की आपला राक्षस टेबलावरून हातात परत येतो. टाकावं तर रांग मोडते, न टाकावं तर इंदापूर जातं. आणि एकाएकी आबा गालातल्या गालात हसायला लागले. अरे, यार्डात नंबर पुकारला आणि ट्रॅक्टर जागेवर नसला, तर नंबर बाद! त्यात रांग कुणी मोडली?

“माझा ट्रॅक्टर च्या प्यायला गेलाय,” असं म्हणत त्यांनी माघार टाकली.

माघार शेवटी पडली म्हणून आधी लागली. राक्षस हातात आला. मागून वीज आली, तर जिच्यावर सोडली ती जागाच रिकामी, गेली फुकट. पुढच्या पाळीला राक्षस पुन्हा उतरला आणि त्याच्या पुढच्या पाळीला त्यानं रुक्सारचे दोन्ही जीव घेतले. पहिली टाळी रुक्सारनंच वाजवली. वहिदाला हसता हसता ठसका लागला, आणि आबांनी धोतर सावरत एका पायावर अशी गिरकी घेतली, की वह्यांचा अख्खा गठ्ठा खाली आला.

तशा धापा टाकतच त्यांनी घरी फोन लावला.

“रविवारी मी घरी न्हाय,” ते शकुबाईंना म्हणाले. “इंदापूरला जायाचंय. माझ्याबिगर चौघं पुरं व्हत न्हाईत.”

शकुबाईंना पहिल्याच वेळी नीट ऐकू गेलं होतं. तरी आबांनी तेच वाक्य आणखी दोनदा सांगितलं.