लाल गोल

कुवेतला मी रिफायनरीत नोकरीला असताना फरवानियात राहायचो. तिथे माझे शर्ट इस्त्री करणारे गृहस्थ रत्नागिरीकडचे होते. शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते टेबलावर जुना अरबी पेपर पसरून ब्रशने चिनी अक्षरं गिरवत बसायचे. समोर कित्त्याचं फाटकं पुस्तक असायचं. मी आलो तरी हातातली रेघ पुरी केल्याशिवाय मान वर करायचे नाहीत.

"याचा अर्थ काय हो?" मी एकदा विचारलं.

"मला काय ठाऊक."

पुस्तक त्यांच्या खोलीत राहणाऱ्या एका चिनी सुताराचं होतं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. यांनी पानभर अक्षरं काढायची आणि त्याने त्यातल्या चांगल्या अक्षराभोवती लाल गोल करायचा, एवढंच त्यांचं चार वर्षांचं बोलणं. काम संपलं तसा तो पुस्तक मागे ठेवून मायदेशी गेला होता.

मी अर्थ विचारला त्या दिवशी त्यांनी माझ्या शर्टांसोबत आपलं पान आणि लाल पेन पुढे केलं.

"साहेब, यातलं बरं कुठलं ते बघा."

"अहो, मला यातलं काही कळत नाही."

"मला तरी कुठं कळतं? पण आपल्या अक्षराला आपणच गोल करायचा नसतो."

मी बराच वेळ पाहिलं आणि एका अक्षराभोवती गोल काढला. त्यांनी पान उजेडात धरलं आणि भिंतीला लावलं.

पुढच्या शुक्रवारी इस्त्रीला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. कपाटातला घडीचा एक शर्ट मी चुरगळला आणि निघालो.