साडूभाऊंची आरामशीन

साऱ्या नागपुरात माझ्या साडूभाऊंइतका सावध माणूस झाला नाही आणि त्यांच्याइतकी टिंगलही कोणाची झाली नाही. त्या टिंगलीचा मोठा पुरवठा माझ्याकडूनच व्हायचा. लग्नकार्यात जेवणं आटोपली की मंडळी मला घेरत, “साडूभाऊंचा किस्सा होऊन जाऊ द्या!” मी रंगवून सांगायचो. किस्सा खोटा नव्हता. पण हशा यायचा तिथेच मी तो थांबवायचो. आता साडूभाऊ नाहीत आणि माझेही फार दिवस उरलेले नाहीत. तेव्हा राहिलेला भाग सांगून टाकतो.

सन सत्तरच्या सुमारास लकडगंजात त्यांची आरामशीन होती. मोठमोठे ओंडके तिथे करवतीवर चिरले जात. मी गिऱ्हाइकं सांभाळायचो. इतर गिरण्यांत मजूर सैल सदरे घालून, ओठात बिडी धरून करवतीशी उभे राहत. साडूभाऊ आखूड बाह्यांच्या बंडीशिवाय कोणाला आत सोडत नसत. स्वतः पन्नाशीतही खाकी हाफपँट घालत आणि बँकेच्या साहेबांनाही त्याच वेषात भेटत. मशीनच्या पट्ट्याभोवती त्यांनी लोखंडी जाळी ठोकून घेतली, तेव्हा शेठनं गिरणीत वाघ पाळला असं बाजारभर झालं. धोतरवालं गिऱ्हाईक आलं की फाटकातच अडवत. “काकाजी, सोगा खोचा, नाहीतर इथूनच सागवान पाहा.” गिऱ्हाईक तणतणत शेजारच्या गिरणीत जाई. मी कपाळाला हात लावला की म्हणत, “दोन्ही पायांवर गेला ना? बस झालं.” लग्नातही तेच. मांडवात शिरण्याआधी खांब हलवून बघायचे. एकदा इतक्या जोरात हलवला की कोपऱ्यातली कनात वरपित्याच्या फेट्यावर उतरली. आरडाओरडा झाला. हे शांतपणे म्हणाले, “मी हलवला म्हणून समजलं तरी!”

लोकांना वाटे, या माणसानं काहीतरी भयंकर पाहिलं असणार. मीही एकदा विचारलं. ते म्हणाले, “काही झाल्यावरच समजावं, असा काही कायदा आहे का गा?”

आता तो किस्सा. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. भटजींनी सगळ्यांच्या मनगटावर लाल दोरा बांधला. पूजेचा दोरा कापत नाहीत, म्हणून टोकं लांब लोंबत ठेवली. दसऱ्याची सुट्टी संपवून मजूर आले, तर साडूभाऊ फाटकात कात्री घेऊन उभे! किसन मिस्त्री गिरणीतला सगळ्यात जुना माणूस. त्यानं हात पाठीमागे घेतला. “शेठजी, देवाचा दोरा हाय. मान कापा, पण याले हात लावू नका.” साडूभाऊ एक पाऊल पुढे, मिस्त्री एक पाऊल मागे, असं करत दोघांनी ओंडक्यांच्या ढिगाभोवती फेरे घातले. हाफपँटमधले शेठ, हातात कात्री. इथे हशा. इथेच मी थांबायचो. तेव्हापासून बाजारानं त्यांचं नाव दोराकाप्या शेठ ठेवलं.

पुढे झालं ते असं. साडूभाऊ दमले आणि त्यांनी कात्री खाली ठेवली. “ठीक आहे. देवाचा दोरा देवच तोडेल. तोवर मशीन बंद. मजुरी चालू राहील.” मी त्यांना बाजूला घेऊन भांडलो. दिवाळी तोंडावर, गिऱ्हाइकं दारात. ते ऐकेनात. मजूर सावलीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांनाच लाज वाटायला लागली, पण मिस्त्रीपुढे बोलणार कोण? दुपारी मिस्त्रीची बायको डबा घेऊन आली. नवरा रिकामा बसलेला पाहून तिनं कारण विचारलं. साडूभाऊंनी तिला करवत दाखवली, दोऱ्याचं टोक दाखवलं. ती नवऱ्यासमोर बसली. “अवो, हा दोरा कोनासाठी बांधला तुमी?”

“घरादारासाठी. अजून कोनासाठी?”

“मंग द्या इकडं. मले हात पायजे तुमचा.” आणि तिनं गाठ सोडली, दोरा कपाळाला लावला आणि पदरात बांधला. बाकीच्यांनी मुकाट्यानं आपापले सोडले. संध्याकाळच्या आत मशीन सुरू झाली.

एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता? पण हसू आलं नसतं. पुढे शेजारच्या गिरणीत एका जवान मजुराची बाही पट्ट्यात गेली आणि हात कोपरापासून गेला. जाळी बसवा, असं मजुरांनी आधीच म्हटलं होतं. “मी काय दोराकाप्या शेठ हावो काय?” मालक म्हणाला होता. सगळे हसले होते. साडूभाऊ त्या मजुराला बघायला दवाखान्यात गेले. मला बरोबर चला म्हणाले. मी गेलो नाही. त्यांनी कधी त्यावरून एक शब्द बोलून दाखवला नाही. नंतरच्या लग्नातही माझा किस्सा ऐकत माझ्या शेजारीच बसले होते.

साडूभाऊ गेल्यानंतर मी किसन मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा अंगणात खाट विणत बसला होता. दोन्ही हातांची बोटं सुतळीतून सरसर फिरत होती. मी विचारलं, “शेठजींची आठवण येते का?”

त्यानं जरा विचार केला. “खोटं काहून बोलू? ज्यास्त नाई येत. त्यायच्याकडं कधी काई झालंच नाई.” आणि सुतळी ओढून त्यानं पुढचा वेढा घातला.