गोजराबाईची कच्ची कैद

हे मी लिहिणारच नव्हते. मावशी म्हणाली, आमच्या गावाची अब्रू कॉलेजच्या अंकात टांगू नकोस. पण हैबतराव पाटील जे बोलले त्यानं माझं डोकं फिरलंय, आता लिहितेच.

मावशीच्या गावच्या, म्हणजे भऱ्याच्या, गोजराबाई सुईण. मावशीचे तिन्ही मुलगे त्यांच्याच हातचे. सत्तावन्न साली पाटलांच्या सुनेचं बाळंतपण त्यांनी केलं आणि त्याच दिवशी सुनेची ठुशी गेली. झालं, आळ गोजराबाईंवर. खटला उभा राहीपर्यंत चार महिने पुण्याला तुरुंगात. तिथली पहारेकरीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुजी कच्ची कैद हाय, पक्कीवालींच्या रांगंत बसू नगं."

गोजराबाईंनी अर्थ लावला, आधी कच्ची, मग पक्की. आंब्यासारखं. पुढं कोर्टात साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले, हातात कागद दिला, घरी जा म्हणाले. यांना वाटलं, पक्कीची वेळ येईपर्यंत पाठवलंय. गावालाही तेच वाटलं. सहा वर्षं झाली, एका घरानं त्यांना बाळंतपणाला बोलावलं नाही. आणि या बाई लुगड्यांचं गाठोडं बांधून बसलेल्या, पोलीस आले की निघायला.

दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडं गेले होते, तेव्हा मी तो कोर्टाचा कागद वाचला. पुरावा नाही, आरोपी मुक्त.

आमच्या सरांनी एकदा सांगितलं होतं, कैद हा शब्द फारसीतून आला, कच्चा आपला रोजचा. कोर्टातल्या 'अंडरट्रायल'ला लोकांनी कच्चा कैदी केलं. म्हणजे न्याय व्हायच्या आधी नुसता धरून ठेवलेला माणूस. गुन्हा ठरलेलाच नाही. मग कैदी कशाला म्हणायचं त्याला? दुसरा शब्द सुचला नाही कुणाला?

"आजी, तुम्ही सुटलात. तेव्हाच."

"मंग पक्की कवा?"

"पक्की नाहीच."

त्या कागदाकडं बघत राहिल्या. "पाटलानं तवाच वाचून घेतला हुता ह्यो. मला म्हनला, जपून ठीव, पुढं लागंल."

मी तशीच पाटलांच्या ओसरीवर गेले. ते सुपारी कातरत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. मंग? कच्ची काय न् पक्की काय, तुरुंगातलं खाऊन आलेली बाई. तिच्या हातात लेकरू द्यायचं व्हय?"

"ठुशी तिनं घेतली नव्हती."

"न्हवतीच. सुनंच्या म्हायेरी घावली, ट्रंकंत. आमच्या घरची गोष्ट, गावाला कशापाई सांगू? आन तू दोन बुकं शिकलीस म्हनून मला जाब इचारतीस? मावशीला सांग, हिला पुन्यांदा हितं धाडू नगं."

मी खूप ओरडले. काही झालं नाही. मावशीनंच मला हाताला धरून घरी नेलं.

म्हणून तुम्हाला सांगतेय. पिरंगुट, भुकूम, सूस, कुठंही तुमच्या नात्यात कुणाचे दिवस भरत आले असतील तर तिला घेऊन भऱ्याला जा. गोजराबाईंना भेटा. त्यांची साठी उलटलीय. लवकर जा.