नऊ घरांचा खेळ

मुलीचा कॉम्प्युटरचा क्लास होता तेव्हा मी रोज तिच्यासोबत कारखान्याच्या कॉलनीतल्या सेक्टर दोनमधून पायी जायची. तिने एकटीने जाऊ नये, असं ह्यांचं म्हणणं. पहाटे उठून ह्यांचा फर्स्ट शिफ्टचा डबा, मग पाणी, धुणं. क्लासबाहेरच्या बाकावर टेकले की डोळे आपोआप मिटायचे.

ह्यांनी सांगून ठेवलं होतं, "ह्या परीक्षेत पास झाली तर पुढचा कोर्स. नाही तर घरी बसंल."

परीक्षेसाठी तिने एक खेळ बनवला होता. चित्रं-बित्रं नाहीत, पडद्यावर नुसत्या रेघांची नऊ घरं. एकाची फुली, एकाचा गोळा. ज्या घरात ठेवायचं त्याचा आकडा दाबायचा, तीन एका ओळीत आले की जिंकलं. खेळायला दोघं लागत. एक दिवस तिची मैत्रीण आली नाही, तेव्हा ती बाहेर आली.

"आई, चाल ना. कुठं बिघडते का पाहायचं हाय."

"मले काय समजते त्यातलं?"

"म्हणूनच तू पाहिजे. न समजणाराच बरोबर बिघडवते."

चपला बाहेर काढून आत गेले. खोली थंडगार. दोन पोरी वळून पाहू लागल्या तशी मी पदर सारखा केला. इंग्रजी आकडे मला क्वार्टरच्या नंबरांवरून येत होते, तेवढ्यावर बसले.

तिची फुली पाचवर, मग तीनवर. तिरपी ओळ पुरी होऊ नये म्हणून आता सात अडवायचा, हे मला दिसत होतं. पण डोळ्यांवर झोप, बोट पाचवरच पडलं. ते घर तर भरलेलं. खाली इंग्रजीत काही अक्षरं चमकली आणि बारी, म्हणजे खेळायची पाळी, तिची झाली. ती वहीत लिहीत होती. वर पाहून तिने सात दाबला आणि जिंकली.

"तू मुद्दाम जिंकू देऊन राहिली मले! कुठं अडलं का?"

"नाही."

लहानपणी गावी आम्ही कोळशाने घरं आखून खड्यांनी खेळायचो. भरलेल्या घरात खडा ठेवला की बारी गेली. मला वाटलं, इथेही तसंच.

परीक्षेत सरांनी मुद्दाम भरलेल्या घराचा आकडा दाबला. बारी गेली. "गलती हुई तो दोबारा पूछना चाहिए न? सोमवार तक ठीक करो, नहीं तो फेल."

परतताना तिने हे सांगितलं. मी म्हटलं, "त्या दिवशी माझंही तसंच झालं होतं."

ती रस्त्यातच थांबली. "मग बोलली कावून नाही?"

"मले वाटलं, चुकलं की बारी जाते."

"कोणत्या गावचा नियम हाय हा?"

"आमच्या."

ती घरापर्यंत झपाझप पुढे चालत राहिली. मी मागून चालत होते, पाय ओढत.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काय झालं परीक्षेचं?"

ती खाली मान घालून म्हणाली, "सोमवारी पुन्हा बोलावलं."

"म्हणजे चुकली. मी सांगितलं होतं, एकदा चुकली म्हणजे झालं."

मी भाकरी तव्यावर टाकत होते. ह्यांच्यासमोर मी कधी मधे बोलत नसे. पण त्या दिवशी बोलले, "चुकलं तर पुन्हा विचारतात तिथं. सोमवारपर्यंत बारी तिचीच हाय."

"तुले काय माहीत?"

"मी खेळली हाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताट पुढे सरकवलं. "बरं. सोमवारी पाहू."

सोमवारी ती पास झाली. त्याआधी, सर यायच्या आत, तिने मला पुन्हा मशीनसमोर बसवलं. मी भरलेला पाच दाबला. मशीनने मलाच पुन्हा विचारलं. मी परत पाच दाबला. परत विचारलं, बारी माझीच. खुर्चीला पाठ टेकली होती, खोली थंड होती. मी पाचच दाबत राहिले.

"आई, बस झालं व," ती म्हणाली, "सर येऊन राहिले. आता सात दाब."